पान पाच, कलम सात

शांतादेवी मगदूम रागीट आहे हे कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. टाईपरायटरवर बसली की ती कळा अशा बडवायची, की व्हरांड्यात उभ्या पोरांना वाटावं आत कुणी मिरच्या कांडतंय. मसुद्यातलं अक्षर घाणेरडं असलं तर राग, ‘अर्जंट’ म्हणून टाईप करून घेतलेला कागद दोन दिवस कुणी न्यायला आलं नाही तर त्याहून राग. ती गडहिंग्लजच्या पल्याडची, कर्नाटकाच्या शिवेवरच्या लिंगायताची लेक. घरात कानडी, दारात मराठी. राग फारच चढला की मराठी मागं पडायची आणि ‘साकु! साकु!’ म्हणजे ‘बस झालं’ एवढंच तोंडातून निघायचं. सगळे तिला अक्का म्हणायचे. हा तिचा रोजचा राग दुपारच्या चहाबरोबर विरघळायचा. एकोणीसशे शहाण्णवच्या ऑगस्टात तिला जो राग आला, तो मात्र बारा वर्षं पुरला.

त्याच्या थोडं आधी नवा विद्यापीठ कायदा आला होता आणि कॉलेजातल्या निवडणुका बंद झाल्या होत्या. पूर्वी त्या दिवसांत ट्रॅक्टर भरभरून बाहेरची पोरं यायची, सायकलच्या चेना निघायच्या, दोनदा तर पोलीस आत शिरले होते. आता वर्गात पहिला येईल तो वर्गप्रतिनिधी, खेळ नि एन.सी.सी.मधून काही जण प्राचार्यांनी नेमलेले, असं विद्यार्थी मंडळ. या सगळ्यांनी आपल्यातूनच एक सेक्रेटरी निवडायचा. ही निवड नेमकी कशी घ्यायची, बैठकीची नोटीस किती दिवस आधी लावायची, याची एक नियमावली असावी असं राज्यशास्त्राच्या सरांनी मनावर घेतलं. सर निवृत्तीला आले होते. पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात, कॉलेज रिकामं असताना, ते रोज दोन-चार कलमं लिहून आणत आणि शांताक्का ती टाईप करी.

एके दिवशी तिनं हात थांबवला.

“सर, हितं तुम्ही ‘सेक्रेटरी हा’ असं लिवलंय.”

“मग?”

“आनि पोरगी निवडून आली तर? ‘हा’ म्हटल्यावर तिला खुर्चीत कोण बसू देणार हाय? उद्या कागद म्होरं करून उठवतील की.”

सर हसले. मग हसायचे थांबले, कागद परत घेतला आणि तिथंच टेबलाच्या कडेवर टेकवून लिहिलं: ‘मंडळाचा कोणताही सदस्य, मुलगा अथवा मुलगी, सेक्रेटरी होऊ शकेल. त्यास अन्य कोणतीही अट राहणार नाही.’ हे कलम सात. अकरा पानांच्या नियमावलीत ते पाचव्या पानावर आलं. शांताक्कानं आयुष्यात हजारो पानं टाईप केली होती, पण सगळी दुसऱ्याच्या डोक्यातली. हे एक वाक्य तिच्यामुळं झालं होतं. घरी जाऊन तिनं ते नवऱ्याला म्हणून दाखवलं, लेकीलाही दाखवलं.

गुंडू शिपायानं सायक्लोस्टाईलचा दांडा फिरवून प्रती काढल्या. एक ऑफिसात, एक प्राचार्यांच्या कपाटात, एक ग्रंथालयात राहिली, एक विद्यापीठाला गेली. पुढच्या मे महिन्यात सर निवृत्त होऊन गावी निघून गेले आणि नियमावली कपाटात पडून राहिली. ती कुणी वाचली असेल असं शांताक्काला वाटत नव्हतं.

वाचली होती. वैजयंता खोत नावाच्या पोरीनं ग्रंथालयात बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली होती. ही हातकणंगल्याची, घरी चार म्हशी, धारा काढून सकाळच्या गाडीनं कोल्हापुरात यायची. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला पहिली आली म्हणून तिसऱ्या वर्षाची वर्गप्रतिनिधी झाली. बोलायला फटकळ, पण बोलायच्या आधी दहा वेळा विचार करणारी. ऑगस्टात मंडळाच्या चौदा जणांची बैठक झाली, चिठ्ठ्या टाकल्या गेल्या आणि वैजयंता आठ विरुद्ध सहा मतांनी सेक्रेटरी झाली.

जे सहाला हरले त्यांचं नाव यशराज. क्रिकेटच्या जागेवरून मंडळात आलेले. बुलेटवरनं फिरणारे. संस्थेचे चेअरमन हंबीरराव यांचे सख्खे पुतणे.

तिसऱ्या दिवशी हंबीरराव स्वतः ऑफिसात आले. मागं प्राचार्य. हंबीररावांनी शांताक्काच्या टेबलावर एक चिठ्ठी टाकली.

“ओ बाई, त्या नियमावलीतलं पाचवं पान परत मारा. कलम सात असं करायचं.”

चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘सेक्रेटरी हा महानगरपालिकेच्या हद्दीत राहणारा असावा.’

शांताक्कानं ते दोनदा वाचलं. तिचं वाक्य गेलं होतं. ‘हा’ परत आला होता. आणि हातकणंगल्याची गाडी पकडणारी पोरगी एका ओळीत बाहेर पडली होती.

“साहेब, नियम बदलायचा तर मंडळाची बैठक लागती,” ती म्हणाली. “पंधरा दिसाची नोटीस लागती. दोन तृतीयांश मतं लागत्यात. आठव्या पानावर हाय.”

हंबीरराव प्राचार्यांकडं वळून हसले. “वाचत्यात की ह्या बाई!” मग तिच्याकडं बघत, हसू तसंच ठेवून म्हणाले, “तुमाला पगार वाचायचा मिळतो का टाईप करायचा?”

तिनं चिठ्ठी उचलली.

“टाईपिस्टनं टाईप करायचं. डोस्कं चालवायला आमी हाय. तारीख गेल्या वर्षाचीच ऱ्हाऊ द्या.”

प्राचार्य भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते. ते घड्याळ कधीचं बंद होतं.

शांताक्कानं स्टेन्सिल चढवलं आणि टाईप केलं. एक अक्षर चुकलं नाही. कळा बडवल्यासुद्धा नाहीत. त्या दिवशी टाईपरायटरचा आवाज इतका हलका होता, की गुंडूनं दारातून डोकावून विचारलं, “अक्का, बरं न्हाय व्हय?”

घरी गेल्यावर मात्र तिनं भांडी आदळली. नवरा शिवलिंग इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला होता. वीस वर्षं शेडमधल्या खडखडाटात राहून त्याचे कान निम्मे गेले होते, त्यामुळं त्याच्याशी बोलताना तसंही ओरडावंच लागे. तिनं सगळं ओरडून सांगितलं. हंबीररावाचं हसणं, प्राचार्याचं घड्याळ बघणं, पगार, डोस्कं, सगळं. शेजारणी दारात येऊन गेल्या.

शिवलिंगनं शांतपणे भाकरी मोडली. “आनि तू? टाईप केलंस नव्हं?”

“केलं.”

“मग आता वरडून काय उपेग?”

त्यानं ते वाईट मनानं विचारलं नव्हतं. त्याला वाटलं, झालं ते झालं, आता जेवावं. पण तो प्रश्न तिला असा काही लागला, की ती ताटावरून उठली. हंबीररावावरचा राग तिला पेलत होता. असल्या माणसांवर रागावणं सोपं असतं. स्वतःच्या दहा बोटांवर रागवायचं कसं, हे तिला कळेना. त्याच बोटांनी तिनं त्या रात्री भांडी घासली नाहीत, लेकीची वेणी घातली नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता प्राचार्यांनी वैजयंताला बोलावून सांगितलं, तुझी निवड नियमात बसत नाही, पुन्हा निवड घ्यावी लागेल. पोरगी तडक ऑफिसात आली. तिनं नियमावलीची प्रत मागितली. गुंडूनं दिली. तिनं पाचवं पान काढलं, वाचलं, मग चौथं पान बघितलं, सहावं बघितलं आणि तिन्ही पानं खिडकीच्या उजेडात धरली.

“मॅडम,” ती शांताक्काच्या टेबलासमोर आली, “ही सगळी पानं पिवळी पडल्यात. पाचवंच एवढं पांढरं कसं?”

शांताक्का कागद लावत राहिली.

“मी ग्रंथालयातली प्रत वाचली हुती. त्यात असं नव्हतं. आत्ता बघाय गेल्ते तर ती प्रत बायंडिंगला गेलीय म्हणत्यात. तुम्हीच टाईप केलंय नव्हं? पैल्यापास्नं असंच हुतं का?”

ऑफिसात चार माणसं होती. चौघांनीही खाली बघितलं. शांताक्का म्हणाली, “मला ठाव न्हाय.”

पोरगी रडली नाही, भांडली नाही. वही काढून उभ्याउभ्या तिनं ते खोटं कलम जसंच्या तसं उतरवून घेतलं, खाली तारीख घातली आणि बाहेर पडली. ती व्हरांड्याच्या टोकाला पोचायच्या आत शांताक्काची खुर्ची मागं कोसळली होती.

“ए पोरी! थांब!”

वैजयंता थांबली.

“पेन काढ. गेल्या वर्षाच्या जुलैत एक प्रत विद्यापीठाला गेलीया. विद्यार्थी कल्याणच्या ऑफिसात. जावक नंबर चारशे सतरा. लिही. नंबर सांगितल्याबिगर त्यांना फाईल घावायची न्हाय, आनि नंबर सांगितल्यावर न्हाय म्हणता यायचं न्हाय. सही-शिक्क्याची नक्कल माग. तोंडी काय सांगितलं तर ऐकू नगंस, कागद घेऊन ये.”

पोरगीनं लिहून घेतलं. मग वर बघून म्हणाली, “मगाशी आत का न्हाय सांगितलं?”

“कारण मी भ्याले,” शांताक्का जवळजवळ ओरडली. “जा आता. बस चुकंल.”

तीन दिवसांनी वैजयंता नक्कल घेऊन आली. सोबत मंडळाच्या नऊ जणांच्या सहीचा अर्ज होता, म्हणजे तिला मत न देणाऱ्यांपैकीही एकाची सही होती. प्राचार्यांना बैठक घ्यावी लागली. हंबीररावांना या बैठकीत काही अधिकार नव्हता, तरी ते येऊन मधल्या खुर्चीत बसले. दोन पानं शेजारी शेजारी ठेवली गेली. आता नाकारायला जागा नव्हती. तेव्हा हंबीरराव चष्मा पुसत म्हणाले, “ऑफिसची चूक दिसतीय. टाईपिस्टनं घोळ घातलाय. बोलवा त्या बाईंना.”

गुंडू धावत बोलवायला आला. वाटेत त्यानं हळूच सांगितलं, “अक्का, तुज्यावर ढकलाय लागल्यात. चूक झाली म्हण आनि मोकळी हो. नोकरी तर ऱ्हाईल.”

ती आत गेली तेव्हा कुणी बसा म्हणालं नाही. प्राचार्य खालमानेनं बोलले. “मगदूमबाई, टायपिंग करताना अनवधानानं चूक झाली, एवढं लिहून द्या. कारवाई होणार नाही. विषय मिटेल.”

शांताक्कानं टेबलावरची दोन्ही पानं बघितली. मग बोलली. सुरुवातीला हळू.

“सर, टायपिंगची चूक म्हंजे ‘ष’ च्या जागी ‘श’. वेलांटी ऱ्हाती, मात्रा ऱ्हाती. आख्खं कलम बदलून नवीन येतं, ही चूक कुठल्या बोटानं हुती ते मला दावा. मी मारून दाखवते.”

पोरांपैकी कुणीतरी फुसकन हसलं.

“बाई, तोंड सांभाळून,” हंबीरराव म्हणाले.

“सांभाळलं की! चार दिस सांभाळलं!” आता तिचा आवाज बाहेरच्या नोटीस बोर्डापर्यंत गेला. “ह्ये पान मी टाईप केलंय. ह्या हातानं. तुम्ही चिठ्ठी दिली, सर मागं हुबं हुते, आनि मी टाईप केलं. माझी चूक एवढीच, की मी न्हाय म्हटलं न्हाय. ती लिहून देते. पायजे तर आत्ता देते. पन तुमची चूक माज्या नावावर टाईप करायला सांगू नगासा! अकरा वरीस झाली, ह्या संस्थेचं एक अक्षर माझ्याकडनं चुकलं न्हाय, आनि तुम्ही मला घोळ घालणारी ठरवताय? ह्या पोरांच्या म्होरं? साकु! साकु!”

पुढचं सगळं कानडीत झालं. कुणाला कळलं नाही, पण कुणी अडवलंही नाही.

वैजयंता सेक्रेटरी राहिली. पाचवं पान फाडून जुनं लावलं गेलं. आणि सतराव्या दिवशी शांताक्काच्या हातात बदलीचा हुकूम आला: ‘प्रशासकीय सोयीसाठी’ संस्थेच्या गगनबावड्याच्या शाळेत. हुकूम दुसऱ्या टाईपिस्टनं केला होता. त्यात दोन चुका होत्या. तिनं लाल पेनानं दुरुस्त करून मगच पोच दिली.

गगनबावड्यात पाऊस नुसता पडत नाही, तो मुक्कामाला येतो. चार महिने कपडे वाळत नसत, कागदाला बुरशी, रिबनला ओल, टाईपरायटरच्या कळा गंजून अडकत. आठवडाभर ती एका खोलीत राही, शनिवारी एस.टी.नं घाट-वळणं मोजत घरी येई. लेक सौंदर्या तेव्हा आठवीत. तिच्या दहावीच्या वर्षात आई घरात नव्हती. शिवलिंग पाळी संपवून येऊन भात शिजवायचा. हे सगळं शांताक्कानं हसत सोसलं असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. तिनं ते दात-ओठ खात सोसलं. दर सोमवारी एस.टी.त बसताना ती हंबीररावाच्या सात पिढ्या उद्धरायची.

दुसऱ्या पावसाळ्यात वैजयंता तिला भेटायला आली. चिंब भिजलेली, हातात पिशवी, पिशवीत इचलकरंजीचं लुगडं. तिचं बी.ए. झालं होतं, आता ती हातकणंगल्याला शिकवण्या घेत होती. म्हणाली, “अक्का, तुमच्यामुळं झालं सगळं. आभार मानायचं ऱ्हाऊन गेलतं.”

शांताक्कानं लुगड्याला हात लावला नाही.

“वरीसभर सेक्रेटरी हुतीस. काय केलंस?”

“स्नेहसंमेलन झकास झालं. वक्तृत्व स्पर्धा घेतल्या. पोरींच्या खोलीला दाराची कडी न्हवती, ती बसवून घेतली.”

“आनि नियमावली?”

“तिचं काय?”

“तिच्या किती प्रती हायत आता?”

वैजयंता आठवत राहिली. “हायत की... ऑफिसात एक, सरांच्याकडं एक.”

“म्हंजे जिथनं पान बदललं तिथंच!” शांताक्कानं कपाळावर हात मारून घेतला. “अगं, तुज्या हातात मंडळ हुतं! दोन तृतीयांश मतं गोळा करता आली असती! प्रत्येक प्रतिनिधीला पैल्या दिवशी एक प्रत मिळंल, एवढं एक कलम घालायचं सुचलं न्हाय तुला? मी हितं कुजत पडले ती कशापायी? तुज्या खुर्चीपायी? तू कोण लागून गेलीस माझी? मी त्या कागदापायी आले हितं!”

बाहेर पाऊस कौलं फोडत होता. पोरगी म्हणाली, “माझं चुकलं, अक्का.”

“चुकलंच. बस आता, च्या पिऊन जा. एस.टी. पाचला हाय.”

लुगडं तिनं शेवटी ठेवून घेतलं, पण नेसली नाही कधी. सौंदर्याच्या लग्नात विहिणीला देऊन टाकलं.

हंबीरराव दोन हजार दोनमध्ये संस्थेच्या निवडणुकीत पडले. नव्या मंडळींनी जुने बदलीचे हुकूम फिरवले आणि शांताक्का कॉलेजात परत आली. टाईपरायटर गेले होते. तिच्या टेबलावर संगणक होता. नियमावलीही आता त्यात होती. तिनं उघडून बघितली. आता पान बदललं तर पांढरं दिसणार नव्हतं. सगळीच पानं कायमची नवी. कुणीही यावं, चार कळा दाबाव्या, कलम गायब.

तिनं नव्या प्राचार्यांना सांगून बघितलं. ते म्हणाले, मगदूमबाई, आता कोण करतंय असलं? तिनं तीन वर्षांत तीन सेक्रेटरींना सांगून बघितलं. दोघांनी ऐकलं आणि विसरले. तिसरा, दोन हजार पाचचा, संगमेश नावाचा बी.एस्सी.चा पोरगा, त्यानं विचारलं, “एवढं काय हाय अक्का त्या कागदात?” तिनं त्याला खुर्चीत बसवून पाऊण तास शहाण्णव साल ऐकवलं. पोरगा बाहेर आला तो लाल कान घेऊन. त्यानं पंधरा दिवसांची नोटीस लावली. बैठकीत ठराव मांडला: दर वर्षी पहिल्या बैठकीत प्रत्येक प्रतिनिधीला नियमावलीची छापील प्रत मिळेल, आणि तिच्या प्रत्येक पानावर सगळ्यांच्या सह्या असतील. ठराव अकरा विरुद्ध तीन मतांनी झाला.

तेव्हापासून दर जुलैत शांताक्का पंधरा प्रती घेऊन बैठकीत जाऊन बसायची आणि सही करायच्या आधी सगळी अकरा पानं पोरांना मोठ्यानं वाचायला लावायची. पोरं कंटाळायची, मोबाईल चाळायची. ती ओरडायची. एकदा एक पोरगी सहावं पान न वाचता सही करायला लागली, तर तिनं पेन हिसकावून घेतलं.

दोन हजार आठला ती निवृत्त झाली. समारंभाला वैजयंता आली होती, नवऱ्याला आणि दोन लेकरांना घेऊन. शिवलिंग पहिल्या रांगेत बसला होता. त्याला फारसं ऐकू येत नव्हतं, पण तो सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होता. संस्थेचे नवे अध्यक्ष मानपत्र वाचू लागले. “नावाप्रमाणेच शांत, मितभाषी आणि आज्ञाधारक...”

मागं गुंडू होता, आता पिकल्या केसांचा. तो मोठ्यानं हसला आणि त्याच्यामागून सगळं सभागृह. शांताक्का हसली नाही. ती उठून माईकपाशी गेली.

“साहेब, ‘शांत’ ऱ्हाऊ द्या, नावात हाय. ‘आज्ञाधारक’ खोडा.”

“अहो बाई, छापून झालंय. चौकट केलीय.”

“मग चौकट काढा.”

अध्यक्षांनी प्राचार्यांकडं बघितलं. प्राचार्यांनी त्या वर्षीच्या सेक्रेटरीकडं बघितलं. तो उठला आणि संगणकाच्या खोलीकडं पळाला. वीस मिनिटं कार्यक्रम थांबला. लोकांनी चहा घेतला. शांताक्का व्यासपीठावर शाल-नारळाला हात न लावता ताठ बसून राहिली. नवं मानपत्र आलं तेव्हा तिनं चष्मा लावला, ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं आणि होकाराची मान हलवली.